गाड्यावरची भजी आणि पाच रुपयांचं पाकीट

एप्रिल २०२०. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत किराणा दुकान सकाळचे काही तासच उघडायचे. दारात वेफर्स, शेव, मसाला शेंगदाणे, मक्याच्या कुरकुरीत नळ्या यांच्या पाकिटांच्या माळा लोंबत असत आणि खाली रस्त्यावर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत माणसे उभी असत. तिथून वीस पावलांवर मिरची भजीचा गाडा. चाकाला साखळी, वर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून चार दगड. गाडा ज्यांचा, त्या अक्का त्याच रांगेत तेल-मीठ घ्यायला उभ्या असायच्या. त्यांच्या समोरून पोरे पाच-पाच रुपयांची पाकिटे घेऊन पळायची.

कोरोनाने खाऊच्या बाजाराचे काय केले, असे कुणी विचारले की मला ती वीस पावले आठवतात. लोकांनी खाऊ खाणे सोडले नव्हते. घरात कोंडलेली माणसे एरवीपेक्षा जास्तच चरत होती. बदलले ते इतकेच, की तो खाऊ कुणाच्या हातून घरात आला. आणि हा बदल रोगाने आपोआप घडवला असे मी मानत नाही. तो सरकारी आदेशांनी घडवला, पुढे मदतीच्या योजनांनी पक्का केला. म्हणूनच तो दुरुस्त करण्याची जबाबदारीही सरकारवर आणि महापालिकेवर येते.

२४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने जो आदेश काढला, त्यात काय चालू राहील याची यादी होती. रेशनची आणि किराणा दुकाने, भाजी, फळे, दूध, मांस-मासे चालू. जीवनावश्यक वस्तू बनवणारे कारखाने चालू. अन्नपदार्थ ऑनलाइन मागवले तर घरपोच पोचवणेही चालू. बंद पाकिटातल्या खाऊला यातले प्रत्येक दार उघडे होते. कारखान्यात बनवा, किराणा दुकानात विका, फोनवरून मागवा. हातगाडीवर तळलेल्या पदार्थाला मात्र एकही दार नव्हते. पहिल्या तीन आठवड्यांसाठी मी कुणाला दोष देत नाही. हा रोग हाताने पसरतो की हवेतून, भांड्यावर किती वेळ टिकतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. दोष पुढचा आहे. हॉटेलांना पार्सलची मुभा मिळाली, मोठ्या दुकानांना वेळा ठरवून मिळाल्या, पण ज्याच्याकडे भिंत नाही, दार नाही, पाटी नाही, त्याच्यासाठी वेगळा विचार कुणी केला नाही. उघड्या हवेत उभा राहणारा गाडा बंद आणि चार भिंतींतले दुकान सुरू, हे रोगाची माहिती वाढल्यावर तरी उलटायला हवे होते.

पाकिटाचे उपकार मी विसरलेलो नाही, तेही सांगायला हवे. पुणे-बेंगळुरू महामार्ग निपाणी, संकेश्वर, बेळगावावरून जातो. त्या मे महिन्यात त्या रस्त्याने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती. आम्ही काही जण पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन उभे राहायचो. शिजवलेला भात दुपारपर्यंत आंबायचा, बिस्किटाचा पुडा तीन दिवस पिशवीत टिकायचा. पार्ले-जी बनवणाऱ्या कंपनीने त्या महिन्यांत आपल्या कित्येक दशकांतला सर्वाधिक खप नोंदवला, आणि त्यातला मोठा वाटा असा दान म्हणून वाटलेल्या पुड्यांचा होता. तेव्हा पाकीट वाईट आणि गाडा चांगला, असा सोपा निवाडा मी करणार नाही. पोटाला आधार झाला, हे खरे आहे.

पण संकटात मिळालेली जागा संकट संपल्यावरही पाकिटाकडेच राहिली. आणि हे एकट्या भारतात झाले नाही. जगभरात झटपट नूडल्सचा खप २०१९ साली १० हजार ६०० कोटी पाकिटांच्या आसपास होता, तो २०२० साली ११ हजार ६०० कोटींच्या वर गेला. इंडोनेशियातल्या नूडल्सच्या बलाढ्य कंपनीने २०२० च्या ऑगस्टमध्ये सुमारे ३०० कोटी डॉलर मोजून आफ्रिका आणि पश्चिम आशियातला नूडल्सचा मोठा धंदा विकत घेतला. फिलिपिन्समध्ये नूडल्स आणि बिस्किटे बनवणाऱ्या कंपनीचे समभाग जून २०२१ मध्ये बाजारात आले, ती त्या देशातली तोवरची सर्वांत मोठी विक्री ठरली. आपल्याकडे बिकानेरी भुजियावाली बिकाजी नोव्हेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याच काळाचा दुसरा आकडा असा : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एप्रिल २०२० मध्ये सांगितले, की जगातल्या असंघटित क्षेत्रातल्या १६० कोटी माणसांच्या रोजीरोटीवर घाला आला आहे आणि संकटाच्या पहिल्याच महिन्यात त्यांची कमाई सरासरी ६० टक्क्यांनी घसरली आहे. जाकार्ताचा तळणीचा गाडा, मनिलाच्या कोपऱ्यावरची टपरी आणि शहापूरची भजी हे सगळे त्या १६० कोटींत आले. ज्या वर्षी गरीब देशांतली माणसे हातात पैसा नसताना खात होती, त्याच वर्षी त्यांच्या खाण्यातून मोठे भांडवल उभे राहिले.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. चिरमुरे.

बाहेरच्यांना बेळगाव म्हणजे कुंदा आणि मांडे एवढेच माहीत असते. आमचा रोजचा खाऊ चिरमुरे. संध्याकाळी चहाबरोबर तेल-तिखट-मीठ चोळलेले, कांदा कापून घातलेले चिरमुरे आणि शेजारी गरम मिरची भजी. कुणी वारले तर चिरमुरे उधळतात, देवाला गेले तर चिरमुरे-बत्ताशांचा प्रसाद आणतात, पाळण्यातले पोर बसायला लागले की त्याच्या पुढ्यात चिरमुरे टाकतात. वजनाने नाही, मापाने विकायचा हा पदार्थ. शेराच्या मापात शीग लावून ओतायचे आणि वर एक मूठ पोराच्या हातात.

भट्टी बघितली नसेल तर बघावी. मीठपाणी मुरवून वाळवलेला तांदूळ तापलेल्या वाळूत पडतो, क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम सगळे पांढरे फुलून वर येते. चाळणीने वाळू खाली, चिरमुरे टोपलीत. भट्टीपुढचा माणूस पहाटे तीनला बसतो, कारण दिवसा तिथे बसवत नाही. या धंद्याला गोदाम नाही. चिरमुरे दमट हवेत दोन दिवसांत सादळतात, आणि आमचा पाऊस जूनपासून चार महिने उतरतो. म्हणजे रोज भाजायचे, रोज विकायचे. ज्या धंद्यात रोज भाजून रोज विकावे लागते, त्याला दोन महिने बंद म्हणजे नुसते नुकसान नसते, साखळीच तुटते. भात पुरवणारा खानापूरकडचा शेतकरी दुसरीकडे वळतो, भट्टीवरची माणसे गावी जातात, उधारीवर माल नेणारा फेरीवाला उधारी बुडवतो, आणि त्याला बोलायचीही सोय नसते.

या धंद्याचा वर्षाचा खरा कमाईचा काळ जत्रांचा. मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या पौर्णिमांना सौंदत्तीच्या यल्लमाचा डोंगर माणसांनी फुलतो, कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून माणसे येतात. माघात रायबाग तालुक्यातली चिंचलीची मायाक्का. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर. शिवाय गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा, ज्या कुठे बारा वर्षांनी तर कुठे पाच वर्षांनी येतात. सौंदत्तीचे देऊळ २०२० मध्ये भाविकांसाठी कित्येक महिने बंद राहिले. आषाढी वारी सलग दोन वर्षे, २०२० आणि २०२१ मध्ये, पायी निघालीच नाही, पादुका एस.टी.तून नेल्या गेल्या. हे बंद ठेवणे योग्यच होते, गर्दी टाळायला हवी होती. पण देवळाचे दार बंद झाले तेव्हा त्या दाराबाहेर पाल ठोकून बसणाऱ्या हजारोंची नोंद कुठल्या सरकारी वहीत होती? कुठल्याच नाही. जत्रेतला विक्रेता शहरातला फेरीवाला नाही, शेतकरी नाही, कामगार नाही. त्याला कुठल्या रकान्यात घालायचे हेच ठरलेले नाही.

त्यात आमची सीमा. एरवी ही रेषा आम्हाला निवडणुकीत आणि पाट्यांच्या वादात दिसते. २०२१ मध्ये ती खाऊच्या टोपलीत दिसली. महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला आरटी-पीसीआरचा दाखला सक्तीचा झाला आणि कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. जयसिंगपूरचे भडंग, कोल्हापूरचा चिवडा, इकडून जाणारे चिरमुरे, गोकाकचे करदंट, हा माल नेणारे बहुतेक लोक मोठे वितरक नव्हेत. एस.टी.च्या टपावर दोन पोती टाकून जाणारी माणसे ती. ट्रकमधल्या मालाला वाट मोकळी होती. बसमधून पोती नेणाऱ्या बाईला मात्र चाचणीचे पैसे आधी मोजावे लागत होते, आणि तेवढे पैसे त्या दोन पोत्यांत सुटत नसत.

तो सगळा एप्रिल मी विसरू शकत नाही. १७ एप्रिल २०२१ ला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. सभा झाल्या, मिरवणुका झाल्या, सगळ्याच पक्षांच्या झाल्या. दहा दिवसांनी, २७ एप्रिलला, राज्य बंद झाले. जूनच्या मध्यावर बाकीच्या जिल्ह्यांत सूट मिळाली, तेव्हा बेळगावसह ११ जिल्ह्यांत निर्बंध २१ जूनपर्यंत लांबले. गर्दी ज्यांनी जमवली त्यांचे काही अडले नाही. गाड्यांना आणखी आठवडाभर साखळ्या राहिल्या.

मदत आली नाही असे नाही. ती कशा रूपात आली, हा माझा मुद्दा आहे. १ जून २०२० रोजी केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली : २४ मार्च २०२० पूर्वीपासून रस्त्यावर विकणाऱ्याला १० हजारांचे विनातारण कर्ज, वर्षभरात फेडायचे, वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्क्यांची सवलत आणि पुढच्या खेपेला २० हजार. योजना मनापासून आखलेली आहे, आणि सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा कितीतरी बरी. पण ज्याची कमाई सरकारी आदेशाने थांबली, त्याला भरपाई द्यायची की कर्ज? आमच्या गल्लीतल्या अक्कांना ते कर्ज मिळायला थंडी उजाडली. सर्वेक्षणात त्यांचे नाव नव्हते, म्हणून शिफारसपत्र आणा; पत्राचा अर्ज कन्नडमध्ये, अक्का चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या, म्हणून भरून देणारा शोधा; मग एका बँकेच्या चार खेपा. पैसे हातात आले, कढई नवी घेतली, शेगडी दुरुस्त केली, चार महिने हप्ते भरले, आणि एप्रिल उजाडला. "हप्त्याला सुट्टी न्हाई ओ, गाड्याला तेवढी हाय," असे त्या म्हणाल्या होत्या.

इंडोनेशियाने २०२१ मध्ये फेरीवाले आणि छोट्या खाणावळी-टपऱ्यांच्या १० लाख मालकांना प्रत्येकी १२ लाख रुपिया रोख दिले. आकडा मोठा वाटतो, आपल्या चलनात तो सुमारे ६ हजार रुपये होतो. ते परत करायचे नव्हते. आमच्याकडे मे २०२१ मध्ये कर्नाटकाने फेरीवाल्यांना एकदाच २ हजार जाहीर केले, महाराष्ट्राने एप्रिलमध्ये परवानाधारक फेरीवाल्यांना १,५००. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीचा भजीवाला आणि अलीकडच्या हिंडलग्याचा भजीवाला यांच्यात चार-दोन मैलांचे अंतर. त्यांच्या संकटाच्या किमतीत ५०० रुपयांचा फरक. आणि दोघांच्याही हातात ओळखपत्र नसेल तर दोघांनाही शून्य.

हे ओळखपत्र का नसते? फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, प्रत्येकाला विक्रीचा दाखला, आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना, असे सगळे लिहिलेले आहे. बेळगावात मात्र महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली, निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ ला, आणि महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. म्हणजे दोन्ही लाटा या शहराने लोकनियुक्त सभागृहाविना काढल्या. गल्लीतला गाडा कुणाचा, तो किती वर्षे उभा आहे, हे ज्याला तोंडपाठ असते तो नगरसेवकच नव्हता. मराठी असो की कन्नड, त्या दोन वर्षांत बेळगावच्या फेरीवाल्याला दार ठोठवायला घर नव्हते. भाषेच्या प्रश्नावर आम्ही जेवढे बोललो, त्याच्या दशांशही या रिकाम्या सभागृहाबद्दल बोललो नाही, हे मला आज लागते.

गाडा पुन्हा उभा राहिला तेव्हा तेलाने गाठले. मे २०२१ मध्ये खाद्यतेलाचे किरकोळ भाव दहा वर्षांतल्या उच्चांकावर होते. मलेशियाच्या पामच्या बागांत परदेशी मजूर पोचत नव्हते, आणि आपण खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागवतो. त्याच नोव्हेंबरात १९ किलोचा व्यापारी गॅस सिलिंडर दिल्लीत २ हजारांवर गेला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध आणि इंडोनेशियाची पामतेल निर्यातबंदी. तेल पाकीटवाल्यालाही लागते, त्यालाही महाग पडले. पण तो पाच रुपये ही किंमत तशीच ठेवून आतले ग्रॅम कमी करतो, पाकीट हवेने तेवढेच फुगलेले राहते. भजीची मिरची गिऱ्हाईक डोळ्यांनी बघून घेते. अक्कांनी किंमत वाढवली तर लोक बोलतात, आकार कमी केला तरी बोलतात.

चिरमुऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक गाठ बसली. कोरोनानंतर गिऱ्हाईक उघड्या पोत्याकडे बघायला बिचकू लागले. मागच्या माघात चिंचलीला एका पोराने विचारलेले मी ऐकले, "आज्जी, ह्याच्यावर तारीख कुठाय?" म्हातारी म्हणाली, "पहाटं भाजल्यात बाळा, तारीख आजचीच." पोराने शेजारच्या टपरीवरून पाकीट घेतले. गिऱ्हाइकाचे ऐकून ज्या भट्टीवाल्यांनी पिशव्या शिवून, लेबल लावून माल विकायला काढला, त्यांच्यासमोर १८ जुलै २०२२ पासून नवा नियम आला : बांधून, लेबल लावून विकलेल्या चिरमुऱ्यांवर ५ टक्के जीएसटी. सुट्या मालावर नाही. वर्षाला ४० लाखांखाली उलाढाल असेल तर नोंदणी लागत नाही, त्यामुळे एकटा भट्टीवाला बहुधा सुटतो. पण चार भट्ट्या एकत्र येऊन एक नाव, एक पिशवी काढू पाहतात तेव्हा ती मर्यादा लवकर ओलांडली जाते. एकत्र येण्यावरच कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये शेव-फरसाणाच्या पाकिटांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घरोघरचे चिवडेवालेही त्यात सुखावले असतील, पण मोठी सवलत मोठ्यांच्याच खिशात गेली, आणि चिरमुऱ्याची लेबल लावलेली पिशवी त्या मोठ्या कंपनीच्या पाकिटाच्या पंगतीला येऊन बसली.

मुलांबद्दल थोडक्यात. कर्नाटकात पहिली ते पाचवीच्या शाळा २५ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या. दीड वर्ष शाळेतले गरम जेवण नव्हते, त्याऐवजी धान्य घरी मिळायचे. आईबाप कामावर, हातात फोन आणि पाच रुपये. त्या वयात जिभेला लागलेली चव सहजी सुटत नाही. मेक्सिकोने नेमक्या याच काळात, ऑक्टोबर २०२० पासून, जास्त मीठ-साखर-चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, आणि त्यांच्या वाहाका राज्याने ऑगस्ट २०२० मध्ये मुलांना असे पदार्थ विकण्यावरच बंदी घातली. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा, म्हणजे हॉटेलासारखे पाकिटालाही तारे. मला शिक्का हवा आहे.

गाड्यांच्या स्वच्छतेचे काय, असे मला विचारले जाईल, आणि तो प्रश्न खरा आहे. तेच तेल तीनदा तापवलेले मी पाहिले आहे. एका बादलीत दिवसभर बश्या विसळलेल्याही पाहिल्या आहेत. पण गाड्याजवळ नळ द्यायचा कुणी? वापरलेले तेल गोळा करायचे कुणी? पाकिटाला स्वच्छता मिळाली कारण कारखान्याला रस्ता, वीज, पाणी आणि अनुदान मिळाले. सूक्ष्म अन्न उद्योगांसाठी जून २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत १० लाखांपर्यंत ३५ टक्के अनुदान आहे, सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. मग बेळगावच्या बाजार समितीच्या आवारात एक कोरडी खोली, पिशव्या बंद करायचे यंत्र, ओलावा मोजायचे साधन, लेबल छापायची सोय, आणि भाडे पोत्यामागे, असे एक केंद्र का होऊ नये? भट्टीवाल्याला कर्जापेक्षा ती कोरडी खोली जास्त उपयोगी पडेल, विशेषतः जून ते सप्टेंबर.

स्वनिधी योजना आता २०३० पर्यंत वाढली आहे, पहिल्या खेपेचे कर्ज १५ हजारांचे झाले आहे, आणि ती शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांनाही टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. चांगले आहे. त्यात जत्रांचे विक्रेते धरावेत. देवस्थानाकडे पालांच्या जागेची पावती असते, तीच पुरावा मानावी. दाखला असलेल्या विक्रेत्याला पुढच्या कुठल्याही बंदच्या आदेशात किराणा दुकानदाराच्या बरोबरीने धरावे आणि किमान बांधून देण्याची मुभा द्यावी, हे आजच, रोग नसताना, कागदावर यायला हवे. संकट आल्यावर यादी करायला बसले की यादीत तेच येतात ज्यांचा फोन उचलला जातो.

आणि महापालिकेचे सर्वेक्षण पुन्हा निघेल तेव्हा अर्ज कन्नडबरोबर मराठीतही छापावा, आणि मोजणीची माणसे संध्याकाळी पाचनंतर पाठवावीत. सकाळी अकरा वाजता शहापुरात आलेल्या कारकुनाला भजीचा एकही गाडा दिसत नाही. अक्का तेव्हा घरी मिरच्या चिरत असतात.